क्लॅरेन्स कॅम्पबेल

क्लॅरेन्स सदरलँड कॅम्पबेल (जन्म : फ्लेमिंग, सस्कॅचेवान, ९ जुलै १९०५, मृत्यू : माँत्रियाल, २४ जून १९८४) हे कॅनडातील वकील, आइस हॉकीचे पंच, लष्करी अधिकारी आणि क्रीडा प्रशासक होते. १९४६ ते १९७७ अशी सलग ३१ वर्षे ते नॅशनल हॉकी लीग (एन.एच.एल.) या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत लीगमधील संघांची संख्या ६ वरून १८ झाली. असे असले तरी त्यांचे नाव आज मुख्यतः १९५५ साली त्यांनी मॉरिस रिशार या खेळाडूला दिलेल्या शिक्षेमुळे आणि त्यानंतर माँत्रियाल शहरात उसळलेल्या दंगलीमुळे लक्षात ठेवले जाते. धोकादायक खेळाबद्दल त्यांनी दिलेल्या शिक्षांमध्ये एकसूत्रता होती की नव्हती, हा त्यांच्या हयातीत वादाचा विषय होता आणि पुढेही राहिला.

== प्रारंभिक जीवन ==

कॅम्पबेल यांचा जन्म झाला तेव्हा फ्लेमिंग हे गाव नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात मोडत होते. सस्कॅचेवान प्रांत त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी अस्तित्वात आला. त्यांचे उच्च शिक्षण एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठात झाले. तेथे कायद्याची पदवी घेतल्यावर १९२६ मध्ये त्यांना ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि ते ऑक्सफर्डला गेले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाकडून ते खेळलेही; पण खेळाडू म्हणून त्यांची गुणवत्ता बेताची होती. खेळाचे नियम मात्र त्यांना उत्तम अवगत होते. कॅनडात परतल्यावर एडमंटनमध्ये वकिली करत असतानाच ते स्थानिक सामन्यांत पंचगिरी करू लागले आणि १९३० च्या दशकात एन.एच.एल.चे पंच झाले.

== पंच म्हणून कारकीर्द ==

भारतात परिचित असलेल्या मैदानी हॉकीपेक्षा आइस हॉकी बरीच वेगळी आहे. बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, पायात लोखंडी पात्याचे बूट घालून, दर बाजूस सहा खेळाडू रबराच्या जाड चकतीने हा खेळ खेळतात. चकती ज्याच्याजवळ असेल त्याला खांद्याने किंवा अंगाने धडक देणे हा येथे गुन्हा नाही, ते खेळातले कौशल्यच समजले जाते. काठीने मारणे, काठी खांद्याच्या वर उचलून प्रहार करणे, मागून ढकलून फळ्यांवर आपटणे या गोष्टींना मात्र मनाई आहे. नियमभंग करणाऱ्याला अपराधाच्या स्वरूपानुसार दोन किंवा पाच मिनिटे मैदानाबाहेर एका वेगळ्या कठड्यात बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो. मुष्टियुद्धालाही सामान्यतः पाच मिनिटांचीच शिक्षा असते. म्हणजे इतर खेळांत ज्या कृत्यासाठी खेळाडूला सरळ घरी पाठवतात, ते कृत्य करून येथील खेळाडू पाच मिनिटांनी पुन्हा मैदानात उतरतो. कायदेशीर धडक कोठे संपते आणि मारहाण कोठे सुरू होते, हे ठरवणे म्हणूनच या खेळातले सर्वांत अवघड काम आहे. कॅम्पबेल यांनी आयुष्याचा मोठा भाग तेच काम केले.

पंच असताना घडलेला एक प्रसंग त्यांच्या पुढील आयुष्याच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. १९३७ च्या बाद फेरीत बॉस्टन ब्रुइन्स आणि माँत्रियाल मरून्स यांच्यातील सामन्यात बॉस्टनचे डिट क्लॅपर प्रतिस्पर्ध्याशी हाणामारी करत होते. त्यांना आवरताना कॅम्पबेल यांच्या तोंडून अपशब्द गेला. क्लॅपर यांनी वळून पंचालाच ठोसा मारला. पंचावर हात उचलणे हा मोठा अपराध होता आणि कडक शिक्षा होईल असेच सर्वांना वाटत होते. कॅम्पबेल यांनी मात्र लीगचे तत्कालीन अध्यक्ष फ्रँक काल्डर यांना दिलेल्या अहवालात आपण प्रथम चिथावणी दिल्याचे प्रांजळपणे नमूद केले. क्लॅपर १०० डॉलर दंडावर सुटले. अठरा वर्षांनंतर जेव्हा एका खेळाडूने रेषापंचाला ठोसे मारल्याचे प्रकरण कॅम्पबेल यांच्यापुढे आले, तेव्हा निकाल अगदी वेगळा लागला.

== दुसरे महायुद्ध आणि युद्धगुन्ह्यांचे खटले ==

युद्धकाळात कॅम्पबेल कॅनडाच्या सैन्यात दाखल झाले आणि लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्ध संपल्यावर कॅनडाच्या युद्धगुन्हे अन्वेषण पथकात त्यांची नेमणूक झाली. नॉर्मंडीत कॅनडियन युद्धकैद्यांच्या झालेल्या हत्यांबद्दल जर्मन एस.एस. अधिकारी कुर्ट मायर याच्यावर डिसेंबर १९४५ मध्ये जर्मनीतील आउरिख येथे लष्करी न्यायालयात खटला चालला. त्यात सरकारी पक्षाच्या वकिलांमध्ये कॅम्पबेल होते. मायरला देहान्ताची शिक्षा झाली. पण वरिष्ठ कॅनडियन सेनापतीने ती कमी करून जन्मठेपेवर आणली आणि १९५४ मध्ये मायर सुटलाही. पुरावा, गुन्हा आणि शिक्षा यांतले अंतर किती असू शकते हे कॅम्पबेल यांनी हॉकीच्या बाहेरही पाहिले होते.

== लीगचे अध्यक्षपद ==

१९४६ मध्ये कॅनडात परतल्यावर लीगचे अध्यक्ष रेड डटन यांनी त्यांना आपले साहाय्यक म्हणून बोलावले आणि लगेच स्वतः पायउतार होऊन अध्यक्षपद त्यांच्याकडे सोपवले. त्या वेळी लीगमध्ये माँत्रियाल, टोराँटो, बॉस्टन, न्यू यॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो असे सहाच संघ होते. पहिल्याच वर्षी कॅम्पबेल यांनी खेळाडूंसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि त्याला जोड म्हणून १९४७ पासून नामवंत खेळाडूंचा वार्षिक ‘ऑल स्टार’ सामना नियमितपणे होऊ लागला. खेळाडूंच्या दृष्टीने हे पाऊल मोलाचे होते. पुढे १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसे यांनी खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र लीग संघमालकांच्या बाजूने उभी राहिली. लिंडसे यांना शिकागोला पाठवण्यात आले आणि संघटना मोडली.

शिस्तीच्या बाबतीत अध्यक्षाचे अधिकार कागदावर फार मोठे होते. सामन्यानंतर पंचांचे अहवाल त्यांच्याकडे येत. चौकशी तेच करत, सुनावणी तेच घेत आणि शिक्षाही तेच ठरवत. कोणत्या अपराधाला किती सामन्यांचे निलंबन द्यायचे याचे ठरीव कोष्टक नव्हते. दुसऱ्या बाजूने पाहता अध्यक्षाची नेमणूक आणि वेतन सहा संघांच्या मालकांच्या हातात होते आणि तिकीटबारीवर गर्दी खेचणाऱ्या खेळाडूला फार काळ घरी बसवणे त्यांपैकी कोणालाच परवडणारे नव्हते. न्यायाधीशाला पगार पक्षकारांनीच द्यावा, अशी ही रचना होती. कॅम्पबेल यांच्या वैयक्तिक सचोटीविषयी त्या काळात फारशी शंका घेतली गेली नाही, पण ही रचना त्यांच्या प्रत्येक निकालामागे उभी होती.

सट्टेबाजीच्या बाबतीत त्यांनी कमालीची कठोरता दाखवली. १९४८ मध्ये बिली टेलर आणि डॉन गॅलिंजर या दोन खेळाडूंनी सामन्यांवर पैज लावल्याचे उघडकीस आले. पोलिसांनी जुगाऱ्यांचे दूरध्वनी ऐकताना ही माहिती त्यांच्या हाती लागली होती. कोणताही सामना मुद्दाम हरल्याचे सिद्ध झाले नाही. तरीही दोघांना लीगची दारे बंद झाली, ती १९७० मध्ये उघडली. तोवर दोघांचेही खेळण्याचे वय उलटून गेले होते. मैदानावरील रक्तपाताला याच अध्यक्षांनी दिलेल्या शिक्षा या २२ वर्षांशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

== मॉरिस रिशार प्रकरण ==

=== पार्श्वभूमी ===

‘रॉकेट’ या टोपणनावाने ओळखले जाणारे मॉरिस रिशार हे माँत्रियाल कॅनेडियन्सचे आघाडीचे खेळाडू होते. १९४४-४५ च्या हंगामात ५० सामन्यांत ५० गोल करणारे ते पहिलेच. क्वेबेक प्रांतातील फ्रेंच भाषक समाजाला त्या काळी उद्योग, व्यापार आणि वरिष्ठ नोकऱ्या यांत इंग्रजी भाषकांचे वर्चस्व सोसावे लागत होते. या समाजाच्या लेखी रिशार हे खेळाडूपेक्षा बरेच अधिक काही होते. प्रतिस्पर्धी संघांनाही त्यांचे मोल ठाऊक होते. त्यांना काठीने डिवचावे, ओढावे, भाषेवरून टोमणे मारावेत आणि ते भडकले की शिक्षा त्यांना व्हावी, हा डाव वारंवार खेळला जाई. रिशार यांचा संताप भयंकर होता हेही तितकेच खरे. १९४७ च्या अंतिम फेरीत टोराँटोच्या दोन खेळाडूंना काठीने मारल्याबद्दल कॅम्पबेल यांनी त्यांना २५० डॉलर दंड आणि एका सामन्याचे निलंबन दिले होते. १९५१ मध्ये न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात पंचाच्या अंगावर धावून गेल्याबद्दल त्यांना ५०० डॉलर दंड झाला.

डिसेंबर १९५३ मध्ये कॅनेडियन्सचे बर्नी जोफ्रियाँ आणि न्यू यॉर्कचे रॉन मर्फी यांच्यात काठ्यांची मारामारी झाली. कॅम्पबेल यांनी जोफ्रियाँ यांना न्यू यॉर्कविरुद्धच्या उरलेल्या आठ सामन्यांतून, तर मर्फी यांना माँत्रियालविरुद्धच्या पाच सामन्यांतून वगळले. रिशार यांच्या नावाने एका फ्रेंच साप्ताहिकात सदर प्रसिद्ध होत असे. त्यात या निकालावर टीका करताना कॅम्पबेल यांना हुकूमशहा म्हटले गेले आणि फ्रेंच खेळाडूंबाबत ते दुजाभाव करतात असा आरोप झाला. कॅम्पबेल यांनी रिशार यांच्याकडून माफी घेतली, सदर बंद करायला लावले आणि चांगल्या वर्तनाची हमी म्हणून १,००० डॉलर जमा करून घेतले. या घटनेनंतर दोघांतील संबंध केवळ अध्यक्ष आणि खेळाडू असे राहिले नाहीत.

=== १३ मार्च १९५५ ===

त्या हंगामात, २९ डिसेंबर १९५४ रोजी टोराँटोत झालेल्या हाणामारीत रिशार यांनी रेषापंच जॉर्ज हेज यांना हातमोज्याने फटकावले होते. तेव्हा त्यांना २५० डॉलर दंड झाला, निलंबन झाले नाही. मार्चमध्ये हंगामाचे अखेरचे चार सामने उरले असताना कॅनेडियन्सचा बॉस्टनशी बॉस्टन गार्डन येथे सामना झाला. बॉस्टनचे हॅल लेको यांची काठी रिशार यांच्या डोक्याला लागली. जखमेला पुढे पाच टाके पडले. पंच फ्रँक उडवारी यांनी अपराधाची खूण केली होती, पण खेळ लगेच थांबला नव्हता. खेळ थांबताच रिशार लेको यांच्याकडे गेले आणि त्यांनी काठीने त्यांच्या तोंडावर व खांद्यावर वार केले. लेको चष्मा लावून खेळत आणि काही वर्षांपूर्वी ते माँत्रियालकडून रिशार यांच्यासोबतच खेळले होते. रेषापंचांनी रिशार यांना धरले. ते सुटले, दुसरी काठी घेऊन पुन्हा गेले आणि ती लेको यांच्या अंगावर मोडली. अखेर रेषापंच क्लिफ टॉमसन यांनी त्यांना पकडून ठेवले असता रिशार यांनी त्यांनाही दोन ठोसे मारले. टॉमसन बेशुद्ध पडले. रिशार यांना सामन्यातून काढण्यात आले. लेको यांना पाच मिनिटांची शिक्षा आणि त्यावर गैरवर्तनाची दहा मिनिटे मिळाली.

१६ मार्च रोजी माँत्रियालच्या सन लाइफ इमारतीतील लीगच्या कार्यालयात सुनावणी झाली. दोन्ही खेळाडू, पंच, रेषापंच आणि दोन्ही संघांचे प्रतिनिधी हजर होते. डोक्याला मार लागल्यामुळे रिशार भानावर नव्हते आणि टॉमसन हे बॉस्टनचे खेळाडू आहेत असे त्यांना वाटले, असा बचाव त्यांच्या बाजूने मांडण्यात आला. कॅम्पबेल यांनी तो मान्य केला नाही. तीन महिन्यांच्या आत सामना-अधिकाऱ्यावरचा हा दुसरा हल्ला होता. आधी दाखवलेल्या सौम्यतेचा उपयोग झाला नाही, आणि आता ताकीद देऊन सोडण्याची वेळ राहिलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी रिशार यांना हंगामातील उरलेल्या तीन सामन्यांतून आणि संपूर्ण बाद फेरीतून निलंबित केले.

या निकालाचा अर्थ समजण्यासाठी आकड्यांपलीकडे पाहावे लागते. तीन सामने ही संख्या लहान दिसते. परंतु रिशार त्या वर्षी गुणतालिकेत पहिल्या स्थानी होते आणि हा बहुमान त्यांना तोवर कधीच मिळालेला नव्हता. त्यांच्या गैरहजेरीत सहकारी जोफ्रियाँ एका गुणाने पुढे गेले (७५ विरुद्ध ७४) आणि स्वतःच्याच शहरातील प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. रिशार यांना हा बहुमान पुढेही कधी मिळाला नाही. बाद फेरीत कॅनेडियन्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि सातव्या लढतीत डेट्रॉइटकडून हरले. त्याच वर्षी जानेवारीत टोराँटोतील एका प्रेक्षकाला मारल्याबद्दल डेट्रॉइटचे लिंडसे दहा दिवसांच्या निलंबनावर सुटले होते. ती तुलना माँत्रियालमध्ये घरोघरी झाली. त्यात सर्वस्वी न्याय नव्हता, कारण लिंडसे यांच्या प्रकरणात बेशुद्ध पडलेला रेषापंच नव्हता. पण कोष्टकच नसल्यावर लोक तुलनेनेच मोजणार.

रिशार यांचा अपराध गंभीर होता यात वाद नाही आणि आजच्या मापाने शिक्षा जबर म्हणता येणार नाही. कॅम्पबेल यांची चूक असलीच तर ती डिसेंबरमध्ये शोधावी लागते. रेषापंचाला फटकावल्याबद्दल तेव्हाच काही सामन्यांचे निलंबन झाले असते, तर मार्चमधला निकाल आभाळातून कोसळल्यासारखा वाटला नसता. दंडाची रक्कम भरायची आणि पुढल्या सामन्याला उतरायचे, ही खेळाडूंना लीगनेच लावलेली सवय होती.

=== १७ मार्चची दंगल ===

निकालानंतर लीगच्या कार्यालयात धमक्यांचे दूरध्वनी येऊ लागले. दुसऱ्याच दिवशी, १७ मार्चला, माँत्रियालच्या फोरम या प्रेक्षागृहात डेट्रॉइटविरुद्ध सामना होता. कॅम्पबेल यांनी येऊ नये असे महापौर झाँ द्रापो आणि इतरांनी सुचवले होते. लीगचा अध्यक्ष धमक्यांना भिऊन घरी बसला असे होऊ नये, या भूमिकेतून ते गेलेच. त्यांच्यासोबत त्यांच्या सचिव फिलिस किंग होत्या. पुढे त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला.

सामना सुरू झाल्यावर काही वेळाने ते आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले. त्यांच्यावर टोमॅटो, अंडी आणि हाताला लागेल ते फेकले जाऊ लागले. एका तरुणाने हस्तांदोलनासाठी हात पुढे केल्यासारखे करून त्यांना मारले. कॅम्पबेल जागेवरून उठले नाहीत. पहिला टप्पा संपला तेव्हा डेट्रॉइट ४-१ असे पुढे होते. त्याच सुमारास त्यांच्या जवळपास अश्रुधुराचे नळकांडे फुटले. सुमारे पंधरा हजार माणसे खोकत, डोळे चोळत बाहेर पडू लागली. अग्निशमन विभागाच्या प्रमुखांनी इमारत रिकामी करण्याचा आदेश दिला. कॅम्पबेल यांनी प्रथमोपचाराच्या खोलीतून डेट्रॉइटचे व्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स यांना चिठ्ठी पाठवून सामना डेट्रॉइटला बहाल झाल्याचे कळवले. बाहेर पडलेला जमाव रस्त्यावर आधीच जमलेल्या लोकांत मिसळला आणि सेंट कॅथरीन रस्त्यावरील दुकानांच्या काचा फुटू लागल्या. लूटमार मध्यरात्रीनंतरही चालू होती. ३७ जण जखमी झाले, अनेकांना अटक झाली आणि नुकसान सुमारे एक लाख डॉलरच्या घरात गेले.

दुसऱ्या दिवशी रिशार यांनी स्वतः नभोवाणीवरून फ्रेंच भाषेत आवाहन केले. आपण शिक्षा स्वीकारत असून पुढील वर्षी परत येऊ, लोकांनी शांत राहून संघाला पाठिंबा द्यावा, असे त्यांनी सांगितले. शहर शांत झाले. महापौरांनी कॅम्पबेल यांच्या उपस्थितीलाच दंगलीचे निमित्त ठरवले. कॅम्पबेल यांचे म्हणणे असे की सामन्यास हजर राहणे हा त्यांच्या पदाचा हक्क होता आणि कर्तव्यही. काही दिवसांनी पत्रकार आंद्रे लोरांदो यांनी ल दव्हार या दैनिकात लेख लिहून या उद्रेकाचा संबंध फ्रेंच कॅनडियन समाजाच्या दुखावलेल्या अस्मितेशी जोडला. १९६० च्या दशकात क्वेबेकमध्ये जे मोठे सामाजिक परिवर्तन झाले, त्याची चाहूल म्हणून अनेक अभ्यासक या रात्रीकडे पाहतात. इतरांच्या मते हा संबंध मागाहून जोडला गेला. रिशार १९५५-५६ मध्ये परतले आणि कॅनेडियन्सनी सलग पाच वर्षे स्टॅनले चषक जिंकला. विजेत्यांना चषक देण्यासाठी पुढे येणारे अध्यक्ष अर्थातच कॅम्पबेल होते.

== विस्तारानंतरची हिंसा ==

१९६७ मध्ये लीगने एकदम सहा नवे संघ घेतले आणि १९७४ पर्यंत संघांची संख्या १८ झाली. अमेरिकेतील ज्या शहरांत बर्फ क्वचितच दिसतो तेथेही हा खेळ पोहोचला. कॅम्पबेल यांना १९६६ मध्येच हॉकीच्या मानवंदना दालनात (हॉकी हॉल ऑफ फेम) स्थान मिळाले होते. प्रशासक म्हणून हा त्यांचा उत्कर्षाचा काळ होता. शिस्तीच्या दृष्टीने मात्र हीच वर्षे सर्वांत वाईट ठरली.

२१ सप्टेंबर १९६९ रोजी ओटावा येथे हंगामपूर्व सामन्यात बॉस्टनचे टेड ग्रीन आणि सेंट लुइसचे वेन माकी यांच्यात काठ्यांनी मारामारी झाली. माकी यांच्या फटक्याने ग्रीन यांची कवटी फुटली. मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि ते संपूर्ण हंगाम खेळू शकले नाहीत. कॅम्पबेल यांनी माकी यांना ३० दिवसांचे निलंबन दिले, ग्रीन यांना ते परतल्यास १३ सामन्यांचे, आणि दोघांना प्रत्येकी ३०० डॉलर दंड. ओटावाच्या पोलिसांनी दोघांवर फौजदारी खटले भरले; दोघेही निर्दोष सुटले. खेळाडूचा जीव जाता जाता वाचला त्या प्रकरणात ३० दिवस, आणि पैज लावणाऱ्यांना २२ वर्षे. कॅम्पबेल यांच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती. सट्टा लीगच्या विश्वासार्हतेलाच मारक होता, मारामारी मात्र त्यांना खेळाचा भाग वाटे. खेळाडूंच्या साचलेल्या रागाला वाट करून देणारी ती एक झडप आहे, ती बंद केली तर काठ्यांचा वापर वाढेल, असे मत त्यांनी अनेकदा मांडले. ग्रीन आणि माकी यांच्या बाबतीत झडप आणि काठी दोन्ही एकाच वेळी उघडल्या होत्या.

१९७१ मध्ये दोघांच्या मारामारीत मध्ये पडणाऱ्या तिसऱ्या खेळाडूला सामन्याबाहेर काढण्याचा नियम आला. त्यामुळे सामूहिक दंगलींना काहीसा आळा बसला, पण दोघांची मारामारी जशीच्या तशी राहिली. फिलाडेल्फिया फ्लायर्स या नव्या संघाने दांडगाईच्या जोरावर १९७४ आणि १९७५ चे चषक जिंकले. त्या संघाचे डेव्ह शुल्झ यांनी १९७४-७५ च्या एकाच हंगामात ४७२ मिनिटे शिक्षेच्या कठड्यात काढली आणि तो विक्रम आजही टिकून आहे.

४ जानेवारी १९७५ रोजी मिनेसोटात बॉस्टनचे डेव्ह फोर्ब्स आणि स्थानिक संघाचे हेन्री बूशा शिक्षा भोगून कठड्यातून बाहेर येत असताना फोर्ब्स यांनी काठी धरलेल्या हातानेच बूशा यांच्या डोळ्याजवळ प्रहार केला आणि ते खाली पडल्यावरही मारणे थांबवले नाही. बूशा यांच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले आणि त्यांची कारकीर्द लवकरच संपली. कॅम्पबेल यांनी फोर्ब्स यांना दहा सामन्यांचे निलंबन दिले. सरकारी वकिलांना ते पुरेसे वाटले नाही. अमेरिकेत सामन्यातील वर्तनाबद्दल व्यावसायिक खेळाडूवर चाललेला हा पहिला फौजदारी खटला मानला जातो. पंचमंडळात एकमत न झाल्याने तो निकालाविना संपला.

कॅनडातही न्यायसंस्था आता गप्प राहिली नाही. हौशी हॉकीतील हिंसेबद्दल ऑन्टारियो सरकारने नेमलेल्या विल्यम मॅकमर्ट्री यांच्या चौकशीचा अहवाल १९७४ मध्ये आला. मुले मैदानावर जे करतात ते व्यावसायिक सामने पाहून शिकतात, असा त्याचा रोख होता. या चौकशीपुढे कॅम्पबेल यांनी आपली बाजू मांडली. लीग हा करमणुकीचा व्यवसाय आहे आणि लोकांना तिकीट काढावेसे वाटेल असा खेळ दाखवणे तिला भाग आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. या साक्षीइतके त्यांच्या निकालांवर प्रकाश टाकणारे दुसरे काही नाही. १९७६ मध्ये विल्यम यांचे बंधू आणि ऑन्टारियोचे महाधिवक्ता रॉय मॅकमर्ट्री यांनी टोराँटोतील बाद फेरीच्या सामन्यानंतर फिलाडेल्फियाच्या खेळाडूंवर फौजदारी आरोप ठेवले. जे काम लीगच्या अध्यक्षाने करायचे, ते प्रांताचे सरकार करू लागले होते.

== निवृत्ती आणि अखेरची वर्षे ==

१९७७ मध्ये कॅम्पबेल निवृत्त झाले आणि जॉन झिगलर अध्यक्ष झाले. निवृत्तीनंतरचा काळ सुखाचा गेला नाही. माँत्रियालच्या विमानतळावर करमुक्त दुकाने चालवणाऱ्या स्काय शॉप्स या कंपनीच्या भाडेकराराची मुदत वाढवून मिळावी म्हणून सिनेटर लुई जिगेर यांना पैसे देण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. १९८० मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. वय आणि खालावलेली प्रकृती लक्षात घेऊन न्यायालयाने त्यांना एक दिवसाचा कारावास आणि २५,००० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. त्यांनी काही तास कोठडीत काढले. चार वर्षांनी माँत्रियाल येथे त्यांचे निधन झाले.

== स्मृती ==

१९७४ मध्ये लीगच्या एका विभागाला कॅम्पबेल यांचे नाव देण्यात आले होते. १९९३ मध्ये विभागांना भौगोलिक नावे देण्याचे ठरले, तेव्हा ते वगळण्यात आले. पश्चिम विभागाच्या विजेत्या संघाला दिला जाणारा करंडक मात्र अजूनही क्लॅरेन्स एस. कॅम्पबेल बोल या नावानेच ओळखला जातो. हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला १९९९ पासून लीग जो करंडक देते, त्याला मॉरिस रिशार यांचे नाव आहे.